पाय न टेकणारं पाणी

आमच्या कोरेवाडीची दीडशे जनावरं जगवायची होती, म्हणून त्या वैशाखात आम्ही तिघं काळडोहाच्या शोधात डोंगरात शिरलो. शौर्य गाजवायची हौस आमच्यापैकी एकालाही नव्हती. मला तर नाहीच नाही. मी किराणा दुकानदार माणूस. पाय दुखतात म्हणून उदगीरच्या बाजारालासुद्धा बैलगाडीनं जाणारा.

लातूर जिल्हा नवा होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याआधी आम्ही उस्मानाबादेत होतो. जिल्हा झाला तेव्हा गावानं हलगी लावून फेरी काढली, मी दुकानातली साखर वाटली. आणि जिल्हा आला तसा पाऊस गेला! सलग दुसऱ्या साली विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. माणसांसाठी टँकर यायचा, तोही रुसलेल्या जावयासारखा, आला तर आला. जनावरांना कोण पाणी देणार? छावणी उदगीरच्याही पलीकडे होती. तिथवर चालत जाईल असं जनावर गावात फारसं उरलं नव्हतं.

राहिला काळडोह. गावाच्या उगवतीला बालाघाटाचे डोंगर आहेत, त्यांच्या एका घळीत, नांदेड जिल्ह्याच्या हद्दीत. म्हातारी माणसं सांगायची, सात बाजांचं सुंभ सोडलं तरी त्याचा तळ लागत नाही. पण म्हातारी माणसं काय, काहीही सांगतात. डोह गाळानं भरला असेल तर? दीडशे जनावरं डोंगरात चढवायची, आठ दिवसांत पाणी संपायचं आणि परत उतरायची ताकद कुणात उरायची नाही. सगळी तिथंच मरतील. चार परस पाणी असलं तर मात्र मृगापर्यंत निभेल. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आमच्याकडे विहिरीची खोली अशीच मोजतात. तेव्हा आधी कुणी तरी जायचं, डोह मोजायचा, आणि पाणी पुरेसं असलं तर माथ्यावर धूर करायचा. धूर दिसला की गावानं जनावरं हाकायची. नाही दिसला तर दावी सोडून द्यायची आणि देवाची मर्जी म्हणायचं. असं मारुतीच्या पारावर ठरलं.

वाट ठाऊक होती ती गुणाबाईला. तिचं माहेर डोंगरापलीकडच्या वस्तीवरचं. पन्नाशीची, काटक, आणि तोंडाची अशी फटकळ की दुकानात आली की मी आधी तराजू पुसून ठेवायचो. तिच्या गोठ्यात दोन बैल आणि एक गाभण म्हैस एवढंच उरलं होतं. नवरा गेल्यापासून तिनं ती तीन जनावरं पोटच्या लेकरांसारखी सांभाळली होती. दुसरा हणमंत, तिशीचा गडी. त्याचं आजोळ मांजरेच्या काठचं, त्यामुळं गावात खोल पाण्यात पोहता येणारा तो एकटाच. आणि तिसरा मी, शरणप्पा. गावात दोन आळ्या, त्यांचं एकमेकींशी पटत नाही. पण माझ्या मापावर दोघींचाही भरवसा. "आप्पा म्हनले चार परस, तर चार परस," असं दोन्हीकडचे म्हणाले आणि माझी सुटकेची वाट बंद झाली.

शिवाय संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर पोरांना धाडसाच्या गोष्टी सांगायची मला खोड होती. माझ्या गोष्टींत माणसं पुरात उड्या घ्यायची, बुडता बुडता हात वर करून "वाचवा! वाचवा!" असं ओरडायची, आणि कुणी तरी धावून यायचंच. त्या गोष्टी आता आठवल्या की स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्यात असं वाटतं.

सामान फार नव्हतं. मोजायचा लांब दोर, हणमंताला आधाराला दोन वाळलेले भोपळे, मातीची एक कळशी भरून पाणी, काडेपेटी आणि भाकरी. पहिला दिवस कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चालण्यात गेला. दगड असे तापले होते की वहाणेतून चटका बसत होता. दोन्ही अंगांना धावड्याची, सालईची उघडी झाडं, पानाचा पत्ता नाही, आणि मधूनच एखाद्या गुराचा सांगाडा, पाण्याच्या आशेनं इथवर येऊन पडलेला. प्रत्येक सांगाड्यापाशी गुणाबाई थांबायची, शिंगं बघायची, कुणाचं ते ओळखायची आणि पुढं निघायची. रात्री एका कपारीत आडवे झालो.

दुसऱ्या दिवशी घळ अरुंद झाली. दोन्हीकडे काळे कडे उभे राहिले. हणमंत पुढं होता. त्यानं झुडूप बाजूला सारायला काठी मारली आणि वरून एक मोठा दगड सुटला. दगड आदळला तो कड्याला लागलेल्या आग्या मोहोळाच्या खालीच!

"पळा! तोंड झाका!" गुणाबाई ओरडली.

आम्ही पळालो. मी धोतर सावरत, ठेचा खात, डोक्यावर उपरणं घेऊन. मला चार-पाच माश्या डसल्या, गुणाबाईला पदरानं वाचवलं. हणमंत मात्र पुढं असल्यानं त्यांच्या तावडीत सापडला. एका खोबणीत शिरून आम्ही पडून राहिलो. माश्या पांगल्या तेव्हा पाहिलं, तर त्याचं तोंड सुजून डोळे मिटायला आले होते. आणि कळशी मागं दगडांत आपटून फुटली होती. घोटभर पाणी उरलं नव्हतं.

"माघारी फिरावं का?" मी विचारलं.

"पान्याबिगर माघारी पोचता का तुमी?" गुणाबाई म्हणाली. "आता डोह हाय तर आपन हाव."

हणमंताला हाताला धरून आम्ही पुढं निघालो. जीभ टाळूला चिकटली होती. बोलणं बंद झालं. घळीच्या एका वळणावर अचानक गार वारा लागला, आणि समोर काळडोह दिसला.

पाणी! खरोखरीचं पाणी! चारी बाजूंनी कडे, मधे काळं, निवांत, न हलणारं पाणी. आम्ही गुडघ्यांवर पडलो आणि जनावरांसारखं तोंड लावून प्यायलो. गुणाबाई पाणी पिता पिता रडत होती.

पण खोली? काठाला खडकाची पायरी होती, तिच्यावर पाणी जेमतेम कमरेइतकं. दोराला दगड बांधून फेकला, तर तो त्या पायरीवरच पडला. पायरीच्या पुढं पाणी काळं होतं, पण काळं म्हणजे खोलच असं नाही. सावलीचं पाणी वीतभर असलं तरी काळं दिसतं. वरच्या कड्यावरून दोर सोडावा तर कड्याला आणखी मोहोळं. कुणी तरी मधोमध जाऊन दगड सोडायलाच हवा होता.

हणमंत चाचपडत उठला. त्याचे डोळे आता पार मिटले होते. "मी जातो, आप्पा."

"गप बस," मी म्हणालो. "मधोमध कुठं आहे ते तरी दिसतंय का तुला? भोपळे आहेत की. मी जातो."

हे मी का म्हणालो, देव जाणे. पाणी पोटात गेल्यावर माणसाला उगीच जोर चढतो. विहिरीत पोरं भोपळे बांधून पोहताना मी शेकडो वेळा पाहिली होती, काठावरून.

गुणाबाई भोपळे बांधायला आली. भोपळे पाठीवर वरच्या अंगाला ठेवून दावं काखेतून छातीवर आवळायचं, ही साधी रीत. पण आम्ही लिंगायत. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग माझ्या छातीवर होतं. ते आम्ही मरेपर्यंत अंगावेगळं करत नाही.

"छातीवरून नको," मी म्हणालो. "गुरं बांधायचं दावं लिंगावरून जाईल. कमरेला बांधा."

"आप्पा, कमरेला न्हाई बांधत," हणमंत मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला. "वर बांधतेत."

"मला शिकवू नको. कमरेला तर कमरेला. तरंगल्याशी कारण."

गुणाबाईनं कमरेमागं दोन भोपळे आवळले. दावं बांधावं तर तिनंच; तिची गाठ मारकी म्हैससुद्धा सोडवू शकत नसे. खांद्यावर दोराचं वेटोळं टाकलं, हातात दगड घेतला आणि मी पायरीवरून पुढं सरकलो.

पाय सुटले. आणि मी तरंगलो! काय आनंद झाला म्हणता! पाणी गार, अंग हलकं, भोपळे मागून उचलून धरताहेत. पाय मारत मारत मी मध्यावर गेलो. वळून हात हलवला. "गुणाबाई, बघा!" असं ओरडलोसुद्धा. ती खडकावर बसून हणमंताच्या डोळ्यांवर ओलं फडकं ठेवत होती. तिनं हसून हात हलवला.

मग दगड सोडायला मी पुढं वाकलो.

भोपळे मागून उसळले आणि माझं डोकं खाली गेलं. एवढंच झालं. आवाज नाही, खळबळ नाही. दगड हातातून निसटला, त्याच्यामागं दोर खांद्यावरून सरसर गेला, मोजायचं भानच राहिलं नाही. पहिल्यांदा मला भीती वाटली नाही, राग आला. कुणी तरी मागून मान दाबून धरलीय असं वाटलं. मी मान वर उचलली. उचलेना! हातांनी पाणी खाली दाबलं. डोकं बोटभर वर आलं आणि पुन्हा गेलं. पाय झाडले, तर पाय पाण्यात नव्हतेच! ते वर, हवेत होते. माझ्या तळव्यांना ऊन लागत होतं.

त्या उन्हाची आठवण आजही मला झोपेतून उठवते. तळव्यांना ऊन लागतंय, म्हणजे हवा आहे. हवा तिथं आहे, माझ्याच पायांपाशी, आणि नाक इथं, गार अंधारात. जगात सगळीकडे हवा होती. कोरेवाडीत, उदगिरात, दुष्काळानं जळालेल्या रानारानांत फुकट हवा होती. फक्त मला तेवढी मिळत नव्हती.

ओरडायला तोंड उघडलं. "वाचवा" हा शब्द निघायला आधी छातीत वारा लागतो, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. शब्द बाहेर पडलाच नाही, पाणी आत आलं. नाकातून मिरचीची पूड ओढावी तशी आग मस्तकात गेली. मी खोकलो, आणि खोकल्याबरोबर आणखी पाणी आत आलं. खोकायचं नाही म्हटलं तरी खोकला थांबेना. माझ्याच देहानं माझं ऐकणं सोडलं होतं. कानांत छातीचे ठोके असे वाजत होते की वाटलं, काठावर ऐकू जात असतील.

भोपळे! भोपळे सोडले पाहिजेत!

हात मागं नेला. गाठ सापडली. ओली होऊन ती दगडासारखी आवळली होती. नखं लावली. एक नख उलटलं. गाठ हलेना. आणि मनात दुसरीच भीती उभी राहिली: भोपळे सोडले तर मी बुडेन. ठेवले तरी बुडतोय. आयुष्यात इतका लाचार मी कधी झालो नव्हतो. गाठ सुटत नाही म्हटल्यावर दावंच खाली ढकलायला लागलो, धोतरासकट, मांड्यांवरून, गुडघ्यांवरून. कातडी सोलली. आणि एकदम भोपळे पायांतून निसटले!

डोकं वर आलं. एक क्षण. अर्धा श्वास मिळाला, अर्धं पाणी. त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. लख्ख ऊन. खडक. खडकावर गुणाबाई फडकं पिळतेय. ती माझ्याकडंच बघत होती! शंभर हातसुद्धा लांब नव्हती. मी तिच्याकडं बघत होतो, माझं तोंड उघडं होतं, आणि त्यातून साधा हुंकारसुद्धा निघाला नाही. हात हलवावा तर हात आपोआप पाणी दाबत होते, वर उचलतच नव्हते.

मग मी खाली गेलो.

आता पाय खाली होते. तळ लागेल. तळ लागला की पाय रेटून वर यायचं. आता लागेल. पाण्याचा रंग हिरवा होता, तो गडद झाला. आता लागेल. कान दुखायला लागले. पायाचे अंगठे ताणून मी खाली शोधत होतो, गाळ असू दे, दगड असू दे, मेलेल्या गुराचं हाड असू दे, पण काही तरी लागू दे! काहीच लागलं नाही. खाली आणखी पाणी होतं, आणि त्याच्याखाली आणखी. मरताना सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातं म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढून काहीसुद्धा गेलं नाही. बायको आठवली नाही, लेकरं आठवली नाहीत, शिवाचं नाव आठवलं नाही. मी म्हणजे नुसती एक रिकामी छाती होतो आणि ती छाती वारा मागत होती. मग तिनं मागणं सोडलं. घटाघटा पाणी गिळलं. आणि पायांनी शोधणं थांबवलं.

वर काय झालं ते मला नंतर कळलं. हणमंतानं विचारलं होतं, "मावशी, आप्पा काय करायलेत?"

"तरंगायलेत की मजेत. भोपळे दिसतेत."

"डोकं दिसतंय का?"

"भोपळे दिसतेत म्हनलं न्हवं."

"डोकं, मावशी! डोकं!"

तोवर मी एकदा वर येऊन पुन्हा गेलेलो. पाण्यावर नुसते दोन भोपळे. गुणाबाई किंचाळली. हणमंतानं डोळ्यांवरचं फडकं भिरकावलं आणि तशीच आंधळेपणानं उडी घेतली! त्याला काही दिसत नव्हतं. गुणाबाई काठावरून घसा फोडून सांगत होती, "उजवीकडं! आनखी! पुढं! तितं, तितंच! आता खाली जा! खाली!"

पहिल्या बुडीला त्याच्या हाताला काही लागलं नाही. दुसऱ्या बुडीला माझे केस लागले.

मला एवढंच आठवतं, की कुणी तरी मला धरलं आणि मी त्याला धरलं. धरलं कसलं, मी त्याच्या अंगावर चढलो. माझा जीव वाचवायला आलेल्या माणसाला मी खाली दाबत होतो! त्यानं माझ्या कानशिलात अशी वाजवली की माझे हात सुटले. मग मागून केस धरून, गुणाबाईच्या आवाजाच्या रोखानं, त्यानं मला ओढत नेलं.

खडकावर त्यांनी मला पालथा घातला. गुणाबाईनं पाठीवर गुडघा दिला. पोटातलं, छातीतलं पाणी नाकातोंडातून बाहेर आलं. पहिला श्वास आत गेला तो फाटक्या कापडासारखा आवाज करत गेला. मी दोन्ही हातांनी खडक कवटाळला आणि रडायला लागलो. मोठ्यानं. गावचा शरणप्पा दुकानदार, उघडा, नुसत्या लंगोटीवर, लहान पोरासारखा रडत होता, आणि मला त्याची काडीची लाज वाटत नव्हती.

गुणाबाई पाठ चोळत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं हळूच विचारलं, "दोर?"

"गेला."

"मोजला न्हाई?"

मी मान हलवली. हणमंत धापा टाकत बाजूला पडला होता. आमच्याजवळ दुसरा दोर नव्हता. हणमंताच्या अंगात आता पुन्हा उतरायचं बळ नव्हतं, आणि मला तर सोन्याची रास दिली असती तरी मी त्या पाण्यात बोट घातलं नसतं. माझ्या एका हट्टापायी दीडशे जनावरांचा निकाल अंधारातच राहिला होता. गुणाबाई उठून उभी राहिली. गावाच्या दिशेला बघत होती. तिचे दोन बैल, तिची गाभण म्हैस तिकडं होती.

मग ती माझ्यापुढं येऊन बसली. माझी हनुवटी धरून तोंड वर केलं.

"आप्पा, खरं सांगा. खाली गेलाव तवा पाय टेकले का?"

तो प्रश्न ऐकला आणि मी पुन्हा तिथंच गेलो. तेच गडद पाणी, तेच ताणलेले अंगठे. दातांवर दात आपटायला लागले.

"न्हाई," मी म्हणालो. "न्हाई टेकले, गुणाबाई. लई शोधलं. लई खाली गेलो. काहीच न्हवतं. तळच न्हवता!"

"मला बी लागला न्हाई, मावशी," हणमंत पडल्या पडल्या म्हणाला. "दोन येळा गेलो. आप्पा तर माझ्याबी खाली होते."

आणि ती बाई हसली! मी मरता मरता वाचलो, थरथर कापतोय, आणि ही हसतेय! मला असा संताप आला की तिला ढकलून द्यावं. पण तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती माझे दोन्ही पाय हातांत धरून, ते न टेकलेले पाय, पुन्हा पुन्हा कपाळाला लावत होती.

"तळ न्हाई! हणमंता, तळ न्हाई रं! ऊठ! लाकडं गोळा कर!"

हणमंतानं चाचपडत लाकडं गोळा केली. ती घेऊन गुणाबाई मोहोळं चुकवत लांबच्या घसरणीनं माथ्यावर चढली. दुपार कलताना धूर वर गेला.

धुराच्या रोखानं जनावरं दोन दिवसांनी आली. वाटेत नऊ पडली. उरलेली घळीच्या वळणावर आली, त्यांना पाण्याचा वास लागला, आणि हंबरत, धडपडत, एकमेकांना रेटत ती धावत सुटली. खडकाच्या पायरीवर रांगेनं तोंडं घालून पीत राहिली. गुणाबाई आपल्या म्हशीच्या मानेला मिठी मारून गुडघाभर पाण्यात उभी होती. आख्खं गाव पाण्यात होतं. मी तेवढा लांब, कड्याला पाठ लावून बसलो होतो. तहान लागली की हणमंताच्या पोरीला हाक मारायचो. ती तांब्या आणून द्यायची आणि मी डोळे मिटून प्यायचो.

मागून येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याकडं यायचा. माझ्या शब्दावर तो इथवर जनावर घेऊन आला होता, त्याला माझ्याच तोंडून ऐकायचं होतं. "आप्पा, पुरंल ना? कितीक खोल हाय?"

मग मला पुन्हा खाली जावं लागायचं. त्या अंधारात, कान दुखेपर्यंत, अंगठे ताणून. तिथून वर येऊन मी सांगायचो, "पाय टेकत न्हाईत, बाबा."

आणि समोरच्याचं तोंड आनंदानं फुलायचं.